विश्लेषण : वाफेवर लाकूड वाकते कसे? मखराची कमान घरी वळवताना पट्टी नेमकी का मोडते?

राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या वस्तूंवरही बंदी आली आणि घरगुती गणपतीच्या सजावटीसाठी लाकूड, बांबू, कापड, पुठ्ठा यांना पुन्हा मागणी आली. लाकडाचे मखर एकदा केले की वर्षानुवर्षे पुरते. सुटे करून माळ्यावर ठेवता येते. घोडे अडते ते कमानीपाशी. चौकट कोणीही ठोकतो, पण सरळ पट्टी अर्धगोल करायला गेले की ती मधोमध कडकन मोडते. पाण्यात भिजवली तरी मोडते, वाफ दिली तरी अनेकदा मोडते. वाफेने लाकूड मऊ होते हे खरे असले, तरी तेवढ्याने काम भागत नाही. नेमके काय घडते आणि काय केले तर पट्टी वाया जात नाही, याविषयी.

कमान फळीतून कापून का काढत नाहीत?

काढता येते, पण दोन कारणांनी ती महागात पडते. पहिले कारण नासाडी. आतून ६० सेंटिमीटर रुंद, म्हणजे ३० सेंटिमीटर त्रिज्येची आणि ३ सेंटिमीटर पट्टीची अर्धगोल कमान एकाच फळीतून कापायची तर ६६ बाय ३३ सेंटिमीटरची फळी लागते. त्यातील जेमतेम १४ टक्के लाकूड कमानीत जाते. बाकीचे तुकडे होतात. एवढी रुंद अखंड फळी वखारीत सहज मिळत नाही, ती वेगळीच अडचण.

दुसरे कारण मजबुतीचे. लाकडाचे तंतू सरळ धावतात, कमान मात्र वळते. त्यामुळे कापलेल्या कमानीत काही भागात तंतू लांबीच्या दिशेने न जाता आडवे पडतात. तिथे हलका धक्का लागला तरी तुकडा पडतो. बैलगाडीच्या लाकडी चाकाचा घेर गोलाईत कापलेल्या अनेक छोट्या तुकड्यांचा असतो, त्यामागे हेच कारण आहे. तुकडा छोटा ठेवला की तंतू फार आडवे जात नाहीत आणि बाहेरून तापवून चढवलेली लोखंडी धाव थंड होताना आकसून सगळे तुकडे आवळून धरते. मखराच्या नाजूक कमानीला अशी धाव नसते. वाकवलेल्या पट्टीत मात्र तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात आणि वळणाबरोबर वळतात. म्हणून ती बारीक असूनही टिकते.

वाफेने लाकडाला नेमके काय होते?

लाकूड म्हणजे ढोबळमानाने मेणात बुडवून चिकटवलेल्या सुतळ्यांचा जुडगा समजावा. सुतळ्या म्हणजे सेल्युलोजचे लांब तंतू, तर त्यांना धरून ठेवणारे मेण म्हणजे लिग्निन आणि हेमिसेल्युलोज. थंडीत हा जुडगा वाकवला तर मेण तडकते. तोच कोमट केला की सुतळ्या एकमेकींवरून किंचित सरकतात आणि जुडगा वळतो.

लाकडातील ‘मेण’ मऊ होण्यासाठी उष्णता आणि ओलावा दोन्ही लागतात. ओल्या लाकडातील लिग्निन १०० अंश सेल्सिअसच्या जवळपास चांगले नरम होते. कोरड्या लाकडाला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते आणि तोवर ते करपू लागते. नुसते पाण्यात भिजवल्याने ओलावा मिळतो, पण उष्णता मिळत नाही. कोरड्या आचेने उष्णता मिळते, पण ओलावा उडून जातो. वाफ दोन्ही सांभाळते. मोदक वाफेवर उकडावा आणि लाकूडही वाफेवरच उकडावे, यातले तत्त्व फार वेगळे नाही. पदार्थ न सुकता आतपर्यंत शिजतो.

पट्टी थंड होऊन वाळली की लिग्निन पुन्हा कडक होते आणि नवा आकार बराचसा कायम राहतो. हे मऊ होणे फार थोड्या वेळाचे असते. वाफेतून बाहेर काढलेल्या पट्टीचा पृष्ठभाग लगेच थंड होऊ लागतो.

लाकूड मऊ झाले, तरी पट्टी मोडते का?

वळणावर पट्टीच्या दोन बाजूंना सारखे अंतर कापावे लागत नाही. वर सांगितलेल्या कमानीसाठी १२ मिलिमीटर जाडीची पट्टी घेतली, तर अर्धगोलात तिची आतली बाजू सुमारे ९४ सेंटिमीटर भरते आणि बाहेरची सुमारे ९८. फरक पावणेचार सेंटिमीटरचा. वाकवण्याआधी मात्र दोन्ही बाजू एकाच लांबीच्या होत्या. म्हणजे बाहेरची बाजू ताणली जायला हवी, आतली दाबली जायला हवी किंवा दोन्ही थोडे थोडे घडायला हवे.

खरी मेख इथे आहे. वाफवलेले चांगले लाकूड दाबले तर लांबीच्या २५ ते ३० टक्क्यांपर्यंत दबू शकते. त्यातील पेशींच्या भिंती बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या बारीक चुण्या घेत मिटतात. मात्र तेच लाकूड ताणायला गेले तर एक ते दोन टक्क्यांपलीकडे ताणले जात नाही, तंतू तुटतात. वाफेने दबण्याची क्षमता कैक पटींनी वाढते, ताणले जाण्याची जवळजवळ वाढतच नाही.

हाताने वाकवलेल्या पट्टीत ताण आणि दाब साधारण निम्मे निम्मे वाटले जातात. त्यामुळे आतल्या बाजूला भरपूर वाव शिल्लक असतानाच बाहेरची बाजू आपली मर्यादा ओलांडते. मोडलेली पट्टी नीट पाहिली तर फाट जवळजवळ नेहमी बाहेरच्या बाजूने सुरू झालेली दिसते, ती यामुळेच. अशा वेळी ‘वाफ कमी पडली’ असे समजून पुढची पट्टी दुप्पट वेळ वाफवली जाते आणि तीही मोडते.

पट्टी वाकेल की मोडेल, हे आधी कसे ओळखायचे?

साधा भागाकार पुरतो. पट्टीच्या जाडीला कमानीच्या व्यासाने भागायचे. येणारे उत्तर म्हणजे बाहेरच्या बाजूला साधारण किती ताण पडणार, त्याचा अंदाज. ६० सेंटिमीटर व्यासाच्या कमानीसाठी ६ मिलिमीटरची पट्टी घेतली तर उत्तर एक टक्का. ती नीट वाफवून हाताने वळवता येते. १२ मिलिमीटरची घेतली तर दोन टक्के. हे अगदी काठावरचे काम. दहातल्या काही पट्ट्या वळतील, काही मोडतील.

मखराच्या कोपऱ्यात बसवायची वेलबुट्टी छोटी असते, म्हणून ती सोपी वाटते. हिशेब उलटा आहे. १० सेंटिमीटर व्यासाच्या गिरकीसाठी २ मिलिमीटरची पट्टीही दोन टक्क्यांच्या काठावर जाते. तिथे एक मिलिमीटरची, जवळपास व्हिनिअरसारखी पट्टी घ्यावी लागते.

थोडक्यात, जाडी व्यासाच्या शंभराव्या भागाइतकी असेल तर काम सोपे आहे, पन्नासाव्या भागाइतकी असेल तर जोखमीचे आहे आणि त्याहून जास्त असेल तर निव्वळ वाफेच्या जोरावर ते करू नये.

मग जाड लाकडाच्या खुर्च्या वळवल्या कशा?

मुंबई-पुण्यातील जुन्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलांभोवती दिसणाऱ्या गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या अनेकांनी पाहिल्या आहेत. या घराण्याचा मूळ पुरुष मिखाएल थोनेट. जर्मनीतील ऱ्हाइन नदीकाठच्या बोपार्ड गावी १७९६ मध्ये जन्मलेला हा सुतार. आधी त्याने लाकडाचे पातळ थर सरसात शिजवून, साच्यात एकत्र वाकवून खुर्च्या केल्या. १८४१ मध्ये कोब्लेंझच्या प्रदर्शनात त्या ऑस्ट्रियाचे चॅन्सलर मेटरनिख यांच्या नजरेस पडल्या आणि त्यांच्या निमंत्रणावरून थोनेट व्हिएन्नाला गेला.

थरांच्या पद्धतीत एक खोट होती. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस दमट हवेत सैल पडतो. समुद्रापार पाठवायच्या मालासाठी ते परवडणारे नव्हते. अखंड लाकूड वाकवले तर सरसाची गरजच उरत नाही. पण जाड दांडा बाहेरून फाटतो, ही वर सांगितलेली अडचण आडवी येते.

त्यावरचा उपाय दिसायला किरकोळ होता. वाफवलेल्या दांड्याच्या बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टा लावायचा आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना दांड्याची टोके घट्ट अडकवायची. लोखंड ताणले जात नाही, म्हणून त्याला चिकटलेली लाकडाची बाहेरची बाजूही ताणली जात नाही. वळणासाठी लागणारा सगळा फरक मग आतल्या बाजूने दबून भरून काढावा लागतो आणि तिथे तर भरपूर वाव असतो.

थोनेटला अखंड लाकूड वाकवण्याचे पेटंट १८५६ मध्ये मिळाले. त्याच सुमारास मोराव्हियातील कोरिचान येथे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, बीचच्या जंगलांजवळ कारखाना उभा राहिला. १८५९ मधील त्याची ‘१४ नंबर’ची खुर्ची केवळ सहा लाकडी भाग, १० स्क्रू आणि दोन नट यांची होती. एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावत. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि इतर कारखान्यांनीही तशाच खुर्च्या बाजारात आणल्या. १९३० पर्यंत ‘१४ नंबर’च्या सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्याचे सांगितले जाते.

घरच्या कामात पट्टा कसा लावायचा?

पाच-सहा मिलिमीटरच्या पट्टीला त्याची गरज नसते. १२ मिलिमीटर किंवा त्याहून जाड कमान हवी असेल तर मात्र पट्टा हवाच. लाकडाइतकी रुंद, सुमारे एक मिलिमीटर जाडीची लवचिक पोलादी पट्टी त्यासाठी चालते. तिच्या दोन्ही टोकांना भक्कम लाकडी ठोकळे बोल्टने बसवायचे. वाफवलेली पट्टी या दोन ठोकळ्यांमध्ये अगदी घट्ट बसायला हवी. ठोकळे सैल असतील तर पट्टा नुसता शोभेचा ठरतो.

आधीच्या उदाहरणातील १२ मिलिमीटरच्या कमानीत पट्टा लावल्यावर आतली बाजू सुमारे चार टक्के दबते. ही रक्कम लाकडाच्या क्षमतेपुढे काहीच नाही. म्हणजे जी पट्टी हाताने वाकवताना काठावर होती, ती पट्ट्यासह बिनधोक वळते. दाब फार झाला तर आतल्या बाजूला ठळक सुरकुती उमटते. तसे दिसले तर पुढच्या खेपेला एका टोकाचा ठोकळा केसभर सैल ठेवतात.

एक खबरदारी राहते. साग, ओक, बाभूळ अशा लाकडांत टॅनिन असते. ओल्या स्थितीत त्याला साधे लोखंड लागले की निळसर-काळे डाग पडतात आणि ते रंध्यानेही सहज जात नाहीत. म्हणून पट्टा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा किंवा मध्ये बटर पेपर घालावा.

कोणते लाकूड घ्यावे?

वाकण्यासाठी बीच, अॅश आणि ओक ही लाकडे जगभर नावाजलेली आहेत. आपल्याकडे तुतीचे लाकूड यासाठी प्रसिद्ध आहे. लाकडी हॉकी स्टिकचे वळलेले टोक तुतीचेच असे आणि ते वाफवूनच वळवले जाई. सागाची पातळ पट्टी मध्यम वळण घेते. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन स्वस्त असले तरी सूचिपर्णी लाकडे वाकण्याच्या कामात सहसा दगा देतात. एमडीएफ आणि साधे प्लायवूड वाफेत फुगते किंवा सुटते. त्यांचा इथे उपयोग नाही.

जातीपेक्षाही पट्टी कशी आहे, हे जास्त महत्त्वाचे. लाकडावरील रेषा पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. रेषा मध्येच कडेला निघून जात असतील तर तिथूनच फाट सुटते. गाठ, चीर किंवा करवतीची खोल खूण बाहेरच्या बाजूला नसावी. कडा पॉलिश पेपरने किंचित गोल केल्या तरी बारीक चिरा वाढण्याचा धोका कमी होतो.

दुसरा प्रश्न ओलाव्याचा. वाकवण्यासाठी लाकडात साधारण २० ते २५ टक्के ओलावा असणे चांगले. बाजारातील बरेचसे आयात लाकूड भट्टीत वाळवलेले असते. त्यात ओलावा आठ ते १२ टक्के उरतो आणि भट्टीतील उष्णतेने लिग्निनही काहीसे कडक झालेले असते. उघड्या हवेत वाळलेले लाकूड मिळाले तर ते घ्यावे. नाही मिळाले तर पातळ पट्ट्या एक-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवल्याने थोडा फरक पडतो.

वखारीत ‘स्टीम बीच’ नावाने मिळणाऱ्या लाकडाबाबत हमखास गैरसमज होतो. त्यावर वाफेची प्रक्रिया झालेली असते ती रंग एकसारखा गुलाबीसर यावा म्हणून. त्यानंतर ते भट्टीत वाळवलेले असते. नावात ‘स्टीम’ आहे म्हणून ते वाकायला तयार असते, असे नव्हे.

वाफेची पेटी कशी असावी? किती वेळ ठेवावे?

६० सेंटिमीटर रुंद कमानीसाठी पट्टी ९४ सेंटिमीटर पुरते. पण दोन्ही टोकांना धरायला आठ-दहा सेंटिमीटर जास्त ठेवावे लागते. म्हणून पेटी सव्वा मीटर लांबीची हवी. जाड प्लायवूडची अरुंद, लांबट पेटी यासाठी चालते. आत आडव्या काड्या बसवून पट्ट्या त्यांवर ठेवल्या की वाफ चारही बाजूंनी फिरते. पेटी एका बाजूला थोडी उतरती ठेवून खालच्या टोकाला भोक ठेवतात. त्यातून पाणी गळते आणि वाफही बाहेर पडते. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप पेटी म्हणून वापरण्याचा मोह होतो, पण तो ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतो आणि मधोमध झोळतो.

वेळेचा रूढ ठोकताळा असा की २५ मिलिमीटर जाडीला एक तास. त्या हिशेबाने ६ मिलिमीटरला १५ मिनिटे, १२ मिलिमीटरला अर्धा तास. घड्याळ मात्र शेगडी पेटवल्यापासून लावायचे नाही. पेटीच्या दुसऱ्या टोकातून वाफेचा भरपूर लोट येऊ लागला, आतले तापमान १०० अंशांच्या जवळ गेले की तिथून वेळ मोजायचा. जास्त वाफवले तर लाकूड आणखी मऊ होत नाही. उलट ते कमकुवत होते.

पाणी उकळण्याचे तापमान उंचीनुसार बदलते, हेही लक्षात घ्यावे लागते. समुद्रसपाटीला ते १०० अंश असते. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात ते ९५-९६ अंशांवर येते. अशा ठिकाणी थोडा जास्त वेळ आणि थोडी पातळ पट्टी, असा मेळ घातला जातो. गिरकीच्या छोट्या, एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यांसाठी तर पेटीही लागत नाही. लांबट ट्रेमध्ये उकळत्या पाण्यात त्या काही मिनिटे ठेवल्या तरी भागते.

पेटीतून काढल्यावर हाताशी किती वेळ असतो?

पातळ पट्टीला काही सेकंद, जाडीला फार तर मिनिटभर. म्हणूनच या कामात तयारीला खरी किंमत आहे. साचा टेबलाला घट्ट बसवलेला, क्लॅम्प उघडून ओळीत ठेवलेले, हातमोजे चढवलेले आणि दुसरा माणूस जागेवर. कोरड्या पट्टीवर एकदा रंगीत तालीम करून मगच पेटी उघडावी. पट्टी मध्यावर साच्याला लावून, एकसारख्या गतीने दोन्ही टोके खाली आणत जायची. झटका दिला तर मोडते, फार रेंगाळले तर थंड होते.

साचा सोडल्यावर पट्टी थोडी उलगडते. म्हणून साच्याची गोलाई हवी त्यापेक्षा किंचित आवळ ठेवतात. किती आवळ, हे लाकडागणिक बदलते. एक पट्टी आधी चाचणीसाठी वाकवून तिचे उलगडणे मोजणे, हाच खात्रीचा मार्ग. पातळ पट्टी साच्यात दोन दिवस, जाड पट्टी आठवडाभर राहू द्यावी लागते. उन्हात किंवा पंख्यापुढे घाईने वाळवली तर ती तडकते.

गणेशोत्सव भर पावसाळ्यात येतो, हा यातला नेहमी विसरला जाणारा भाग. दमट हवेत पट्टी वाळायला जास्त दिवस लागतात आणि वाळलेली पट्टीही ओलावा शोषून पुन्हा उलगडू पाहते. त्यासाठी दोन उपाय आहेत. कमानीची दोन्ही टोके मखराच्या खांबांना पक्की बसवायची आणि सर्व बाजूंनी पॉलिश किंवा वॉर्निश द्यायचे.

यात धोके कोणते?

सर्वांत मोठा धोका बंद पेटीचा. वाफ वाया जाते म्हणून सगळी भोके बुजवली तर आत दाब साठतो आणि पेटी फुटते. इथे दाबाची गरजच नाही. मोकळी, वाहती वाफ पुरते. प्रेशर कुकरला नळी जोडून वाफ घेतल्यास ती नळी दुमडली किंवा तुंबली तर तोच धोका उद्भवतो. कुकर, त्याची शिट्टी किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह यांत फेरफार करणे तर जिवावर बेतू शकते. साधी किटली किंवा झाकणाला नळी लावलेले भांडे अधिक सुरक्षित. त्यातील पाणीही संपू देऊ नये.

दुसरा धोका भाजण्याचा. १०० अंशांचे पाणी आणि १०० अंशांची वाफ यांत वाफ जास्त भाजते. त्वचेवर वाफेचे पाणी होताना ती आपल्यातील मोठी उष्णता सोडून देते. पेटीचे दार उघडताना चेहरा आणि हात बाजूला ठेवावेत, जाड कोरडे हातमोजे घालावेत. ओले मोजे उष्णता आत ओढून घेतात. भाजलेच तर जागा २० मिनिटे नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली धरावी. टूथपेस्ट, तेल किंवा हळद लावू नये. फोड मोठे असतील तर डॉक्टरांना दाखवावे.

तिसरी गोष्ट जुन्या लाकडाची. वाळवी लागू नये म्हणून रसायन दिलेले किंवा जुना रंग असलेले लाकूड वाफवू नये. वाफेबरोबर ते घटक हवेत येतात. मुलांना मखराच्या रंगकामात घ्यावे, पेटीपासून दूर ठेवावे.

वाफेची खटपट नको असेल तर?

तीन पर्याय आहेत आणि तिन्ही त्याच तत्त्वावर चालतात. पहिला थरांचा. दोन-दोन मिलिमीटरच्या सहा पट्ट्यांमध्ये गोंद लावून त्या एकत्र साच्यावर आवळल्या तर १२ मिलिमीटरची कमान थंड स्थितीतच होते. प्रत्येक पट्टी स्वतंत्र वाकते आणि एकमेकींवरून सरकते. म्हणून ताण एका पट्टीच्या जाडीपुरताच राहतो. थोनेटच्या काळातील सरसाची अडचण आज पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने सुटली आहे. ही कमान उलगडतेही कमी. गोंद आणि क्लॅम्प मात्र भरपूर लागतात.

दुसरा पर्याय खाचांचा. पट्टीच्या आतल्या बाजूला करवतीने ठरावीक अंतरावर अर्ध्याहून खोल खाचा पाडल्या की ती सहज वळते. मागची बाजू झाकली जाणार असेल तर हे झटपट काम आहे. मजबुती कमी असते.

तिसरा पर्याय सर्वांत जुना आणि आपल्या मातीतला आहे. बुरुड कारागीर बांबूच्या कामट्या विस्तवावर शेकून वळवतात. आकाशकंदिलाचा सांगाडाही कामट्यांचाच असतो. हिरव्या बांबूत स्वतःचा ओलावा असतो, म्हणून त्याला वेगळी वाफ द्यावी लागत नाही. पहिल्यांदाच कमान करणाऱ्यासाठी स्थानिक बुरुडाकडून कामट्या वळवून घेणे हा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग ठरतो.

सुरुवात नेमकी कुठून करावी?

कमानीचा व्यास ठरवून, जाडीला त्याने भागून. उत्तर एक टक्क्याच्या आसपास असेल तर सरळ रेषांच्या पाच-सहा पट्ट्या काढाव्यात, कारण एखाद-दुसरी मोडणारच. उत्तर दोन टक्क्यांकडे झुकत असेल तर पट्टी रंध्याने पातळ करावी, थर लावावेत किंवा पोलादी पट्टा घ्यावा. वाफेचा वेळ वाढवून हा हिशेब बदलत नाही.

वेळापत्रक मागून पुढे मोजलेले बरे. नागपंचमी आणि गणेश चतुर्थी यांत जवळपास महिनाभराचे अंतर असते. नागपंचमीपर्यंत कमान साच्यावर चढली, तर पावसाळी हवेतही तिला वाळायला, उलगडून स्थिर व्हायला आणि पॉलिशचे दोन हात घ्यायला पुरेसे दिवस मिळतात. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात वाफवलेली कमान मात्र गौरी येईपर्यंत खांबांपासून सुटू पाहते.